शेतातल्या सेन्सरच्या डब्यात ओ-रिंग (झाकणाखालची रबरी गोल सील) लावूनही पावसात पाणी जातंय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की झाकण एकदम फिट आवळलंय तरी आत पाणी, तर बहुतेक जास्त आवळणंच नडतंय. प्लास्टिकचं झाकण स्क्रूपाशी दबतं आणि दोन स्क्रूंच्या मधे फुगून वर येतं, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू वाढवा, जवळजवळ घ्या, आणि ते रिंगच्या बाहेरच्या बाजूला हवेत, नाहीतर स्क्रूच्या भोकातूनच वाट मिळते.

रिंग बसते ती खाच नीट मोजा. ३ मिमी जाडीची रिंग असेल तर खोली साधारण २.२५ मिमी म्हणजे २५ टक्के दाब मिळतो, आणि रुंदी ४ मिमी ठेवा कारण रबर दाबल्यावर आकसत नाही, बाजूला पसरतं, त्याला जागा नको का? उन्हात नायट्राईल रबर तडकतं, ईपीडीएम रबराची रिंग घ्या, फक्त तिला साधं ग्रीस लावू नका, फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालेल.

आता खरी गोची. दुपारी डबा तापतो, सर आली की झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि तो डबा चक्क पाणी ओढून घेतो, सील कितीही भारी असू दे!! म्हणून पाणी अडवून हवा सोडणारा पडदा असलेला ब्रीदर व्हेंट लावाच. केबल ग्लँड (वायर आत घेऊन भोवती घट्ट बसणारी सील) खालच्या बाजूला, आणि एका ग्लँडमधून दोन वायरी कोंबू नका, मधली फट कधीच बंद होत नाही.

आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) मधे पाण्याची टेस्ट १ मीटर खोल, ३० मिनिटं असते; बादली तेवढी खोल नसते, तरी बादलीत बुडवून ढोबळ टेस्ट घरीच होते, आत टिश्यू पेपर ठेवा.