डोणीतलं हिरवं पाणी आणि युग्लिनाची उसनी हिरवाई

पुस्तकात लिहिलंय की युग्लिना या एकपेशीय जीवामध्ये वनस्पती आणि प्राणी दोन्हींची लक्षणं असतात. मग परीक्षेत नेमकं काय लिहू? (आठवीतली विद्यार्थिनी, देवगड)

'प्रोटिस्टा' (साध्या, बहुतेक एकपेशीय जीवांचा गट) लिही आणि गुण पदरात पाडून घे. खरी गंमत मात्र त्याच्या पुढे आहे. युग्लिनाचे पूर्वज हिरवे नव्हतेच. त्यांतल्या एकाने कधीकाळी हिरवं शैवाल गिळलं आणि ते न पचवता आत ठेवून घेतलं. आजची हरितलवकं, म्हणजे उजेडात अन्न बनवणारे पेशीतले हिरवे भाग, हा त्या शैवालाचा उरलासुरला संसार. त्याची खूण अजून दिसते: झाडांच्या हरितलवकाला दोन पटलांचं वेष्टण असतं, युग्लिनाच्या हरितलवकाला तीन पटलांचं. साठवणीतही स्टार्च नाही, पॅरामायलॉन नावाची वेगळीच बहुशर्करा आहे. आणि याचे दूरचे भाऊबंद कोण, तर काळा आजार घडवणारा परजीवी लीशमानिया! म्हणून 'अर्धं झाड, अर्धा प्राणी' हे वर्णन मला कधीच पटलं नाही. हिरवाई आहे खरी, पण ती गिळून मिळवलेली.

आणखी एक. युग्लिना घास गिळतो असं काही गाईडांत असतं, ते खोडून टाक. अंधारात तो पाण्यात विरघळलेलं अन्न अंगातून शोषून घेतो आणि फिकट पडतो. उजेडात आणलं की पुन्हा हिरवा. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर मात्र हरितलवकं कायमची जातात, आणि तरीही आयतं अन्न मिळालं तर हा पांढराफटक जीव पिढ्यान्पिढ्या जगतो.

विहिरीजवळच्या दगडी डोणीतलं पाणी आठ दिवसांत हिरवं होतं. गुरांना पाजलं तर चालेल? (गुहागर)

आधी काठी फिरवून बघा. काठीला हिरवे धागे गुंडाळून आले तर ते शेवाळ. काठी रिकामी आली आणि पाणीच हिरवं असेल तर ते एकपेशीय जीव. डोणीत शेण-मूत आणि पालापाचोळा पडत असेल तर युग्लिना असण्याची शक्यता बरीच. त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती निळ्या-हिरव्या जीवाणूंची. त्यांचा तवंग सांडलेल्या रंगासारखा दिसतो आणि त्यांतले काही गुरं मारण्याइतके विषारी असतात. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, तेव्हा डोण रिकामी करा, काथ्याने घासा, उन्हात वाळवा आणि रोजच्यापुरतंच पाणी भरा. मोरचूद टाकू नका. पेशी मरतात आणि त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं.

आमच्या गावचं तळं भर दुपारी विटकरी लाल होतं, संध्याकाळी परत हिरवं. म्हातारी माणसं म्हणतात राखणदार रागावलाय. (चिपळूण)

राखणदाराला यातून सोडवा. हे बहुधा युग्लिना सँग्विनियाचं काम. कडक उन्हात त्याच्या पेशीतले लाल कण पृष्ठभागाकडे पसरतात, ऊन उतरलं की आत सरकतात. मासे सोडले असतील तर मात्र लक्ष ठेवा, ही जात माशांना घातक विष तयार करू शकते.

शाळेत एकच साधा सूक्ष्मदर्शक आहे. मुलांना युग्लिना कसा दाखवू? (शिक्षक, राजापूर)

पावसाळ्यात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) डबक्यातलं हिरवट पाणी काचेच्या बरणीत आणा. बरणीला काळा कागद गुंडाळा आणि एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडून ती बाजू खिडकीकडे करा. दुसऱ्या दिवशी कागद काढलात की भोकाच्या जागी काचेवर हिरवा ठिपका जमलेला दिसेल. ड्रॉपरने तिथलाच थेंब घ्या. शंभरपट मोठं करून हिरवे जीव गिरक्या घेत पळताना दिसतात, चारशेपटीत पुढच्या टोकाचा नारिंगी ठिपका. 1830 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्गने नाव दिलं तेही 'छान डोळा' अशा अर्थाचं. पण तो डोळा नव्हे, पडदा आहे. प्रकाश ओळखणारा भाग कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या चाबकासारख्या धाग्याच्या, बुडाशी असतो. गिरकी घेताना त्यावर या ठिपक्याची सावली पडते आणि उजेड कुठून येतोय ते कळतं. थेंब सुकू लागला की कशाभिका टाकून हा जीव गांडुळासारखा फुगत-आखडत सरकायला लागतो. मुलं तिथून हलत नाहीत.

रात्री समुद्रात चमकतं ते युग्लिनाच का? (मालवण)

नाही, तो नॉक्टिल्युका नावाचा समुद्रातला एकपेशीय जीव. निराळं कूळ. हा मात्र खरोखर घास गिळतो, आणि अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटात जिवंत शैवालं पाहुणी म्हणून राहतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही. चमकणारं पाणी काचेच्या ग्लासात भरून दिवसा उजेडासमोर धरा, साबुदाण्याहून बारीक गोळे तरंगताना दिसतील.