स्पोर्ट्स मॅगझिन बंद पडतायत, मग मी लिहू कुठे?

डिचोलीहून बारावी आर्ट्सच्या एका मुलाचं पत्र आलंय. माळ्यावर काकांचा खोका सापडला, त्यात जुने स्पोर्टस्टार आणि संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’चे अंक, ते वाचून याने ठरवलं की आपण मॅगझिनमध्येच लिहायचं. बाबांचं म्हणणं, तो धंदा बुडाला, गप बीकॉम कर आणि सरकारी नोकरीची परीक्षा दे. विचारतो, ‘सर, कोण बरोबर?’

अरे, धंद्याबद्दल बाबा बरोबर आहेत. तुझ्याबद्दल अजून कोणालाच माहीत नाही, तुलाही नाही, ते बघूया.

तुझ्या काकांचा तो खोका माझ्याकडेही होता. म्हापशाला बसस्टँडजवळचा पेपरवाला माझा अंक बाकीच्यांच्या खाली दडवून ठेवायचा, नाहीतर पोस्टरसाठी कोणीतरी आधीच उचलायचा. घरी आलो की बाबांच्या दाढीच्या ब्लेडने मधली पिन उघडायची, पोस्टर अलगद काढायचं, भिंतीवर लावायचं, आणि मग लक्षात यायचं की पोस्टरच्या मागे चांगला लेख होता तो आता भिंतीकडे तोंड करून बसलाय. मॅच होऊन आठ-दहा दिवस झालेले असायचे आणि तरी आम्ही वाट बघायचो, कारण रंगीत फोटो दुसरीकडे कुठे बघायलाच मिळत नव्हता.

म्हणजे बघ, आम्ही तीन गोष्टींचे पैसे देत होतो, फोटो, स्कोअर आणि लेख. स्कोअर आधी गेला, १९९३ ला क्रिकेटचे स्कोअर देणारी साइट क्रिकइन्फो आली तेव्हाच त्याची सुरुवात झाली. फोटो नंतर गेला, आता मॅच संपायच्या आत शंभर फोटो मोबाइलवर असतात. राहिला लेख, आणि नुसत्या लेखावर कागद, छपाई, ट्रान्सपोर्ट, स्टॉलवाल्याचं कमिशन एवढं सगळं निघत नाही, त्यात जाहिरातीही गूगल आणि फेसबुककडे गेल्या. ‘क्रिकेट सम्राट’ २०२० ला बंद पडलं. अर्जेंटिनाचं ‘एल ग्राफिको’ १९१९ पासून निघत होतं, २०१८ ला छपाई थांबली. अमेरिकेचं ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ एवढं मोठं नाव, आठवड्याचं पंधरवड्यावर आलं, मग महिन्यावर, आणि २०२३ ला तर त्यांच्या वेबसाइटवर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांच्या नावाने मजकूर सापडला, त्या लेखकांचे फोटोसुद्धा कॉम्प्युटरने बनवलेले! मला तरी बंद पडण्यापेक्षा हे जास्त लागलं.

आता दुसरी बाजू. २०१६ ला अमेरिकेत ‘द अ‍ॅथलेटिक’ नावाची साइट निघाली, कागद नाही, जाहिरातींवर भर नाही, वाचकाने वर्गणी भरायची, आणि एकेका टीममागे एकेक लेखक लावलेला. २०२२ ला न्यूयॉर्क टाइम्सने ती ५५ कोटी डॉलरला घेतली आणि पुढच्या वर्षी स्वतःचा क्रीडा विभागच बंद केला. म्हणजे त्या विभागातल्यांना धक्काच, पण एकच टीम आतून-बाहेरून माहीत असलेल्या माणसाला गिऱ्हाईक आहे, हेही दिसलंच की.

तू गोव्यात आहेस हे तुझं भांडवल आहे असं मी म्हणेन. विराट कोहलीवर लिहायला देशभर हजार जण बसलेत, तुझा नंबर कधी लागायचा? पण आपल्या गोव्याचा फुटबॉल क्लब डेम्पो पाच वेळा देशाचा चॅम्पियन झाला, आणि २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले, ते का, त्यानंतर त्या पोरांचं काय झालं, हे मराठीत नीट, सविस्तर लिहिलेलं मला दाखव बरं. कापणी झालेल्या शेतात गोलपोस्ट रोवून वाड्यावाड्यांच्या टूर्नामेंट होतात, तिथून कोण वर आला, कोण आता टॅक्सी चालवतो, हे तुला सायकलवरून फिरून कळू शकतं, मुंबईतल्या माणसाला नाही.

एक काम कर. म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर फुटबॉल लीगची एक मॅच बघ, मोबाइल खिशात, वही हातात. गोल कोणी केला हे लिहू नकोस, ते सगळ्यांना कळणारच आहे. एकच खेळाडू पकड, नव्वद मिनिटं त्याच्याकडेच बघ, बॉल नसताना तो काय करतो ते बघ, मॅच संपल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोल आणि त्याच रात्री तीनशे शब्द लिही. असं दहा मॅच कर. चौथ्या मॅचला कंटाळा आला तर तुला वाचायला आवडतं, लिहायला नाही, आणि त्यात वाईट काही नाही, बाबांचं ऐक.

नाही आला कंटाळा तर पदवी कुठलीही कर, बीकॉमसुद्धा चालेल, खरंच. क्लबचे हिशेब, स्पॉन्सरशिप, असोसिएशनचा ताळेबंद वाचता येणारा क्रीडा पत्रकार मी फार कमी बघितलाय. पत्रकारितेचा कोर्स नंतर करता येतो. सोबत व्हिडिओ एडिटिंग शिक, इंग्रजी सुधार, कारण नुसत्या लिहिण्यावर सुरुवातीची वर्षं घर चालणार नाही, आणि हे मी तुला आत्ताच सांगतोय, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नकोस. क्लबची सोशल मीडिया टीम, कॉमेंट्री, स्टॅटिस्टिक्स, पेपरातलं डेस्क, पगार बहुतेक अशाच ठिकाणी मिळेल. सरकारी परीक्षेचा फॉर्म भरायला हरकत नाही, फॉर्म भरल्याने लिहिणं बंद पडत नाही. बाबांना हे पत्र दाखव, पण दहा लेख झाल्यावर, आधी नको.

आणि तो खोका पावसाच्या आत माळ्यावरून खाली उतरव, वाळवी लागते. एकेका अंकाची पोस्टरं शाबूत आहेत का बघ. १९८६ चा मॅराडोना असेल तर त्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते मला कळव, माझं वाचायचं राहून गेलंय.