लहान कुत्रा सोबत घेऊन सुट्टीला जाताना

सुट्टीचे बेत ठरू लागले की या सदराकडे प्रवासाचे प्रश्न वाढतात. या वेळी दहा किलोंच्या आतल्या कुत्र्यांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. असा कुत्रा काखेत मारून नेता येतो, म्हणून तयारीही थोडीच लागेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या शरीरात पाण्याचा आणि साखरेचा साठा कमी असतो, औषधाचा डोस थोडा चुकला तरी जास्त होतो, आणि काही बिघडलं तर सावरायला वेळ कमी मिळतो. पुढची उत्तरं हे लक्षात ठेवूनच वाचावीत.

प्रश्न : आमची कुत्री आठ महिन्यांची आहे, वजन चार किलो. गाडीत बसली की थोड्या वेळात लाळ गाळू लागते आणि मग उलटी करते. पुढच्या महिन्यात सहा तासांचा प्रवास आहे. तिला पूर्ण उपाशी ठेवून न्यावं का?

पूर्ण उपाशी नको. निघण्याआधी तीन ते चार तास नेहमीच्या निम्मं खाणं द्या आणि पाणी घोट-घोट चालू ठेवा. लहान जातीच्या कुत्र्यांना, त्यातही चार महिन्यांखालच्या पिल्लांना, लांबचा उपास सोसत नाही. रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, थरथरतं, चालताना झोकांड्या खातं. अशा वेळी हिरड्यांवर थोडा मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं, गिळता येऊ लागलं की खायला द्यायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका.

आता मुळाकडे. गाडी लागते ती दोन कारणांनी. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय ‘हालतोय’ म्हणतं आणि डोळ्यांना मात्र स्थिर सीट दिसते, हे एक. पिल्लांमध्ये हे जास्त आढळतं आणि वयाबरोबर पुष्कळदा कमी होतं. दुसरं कारण भीती. इंजिन सुरू होण्याआधीच लाळ, जांभया, ओठ चाटणं सुरू झालं तर त्यात भीतीचा वाटा मोठा आहे, आणि नुसत्या गोळीने ती जाणार नाही.

तुमच्या हाताशी महिना आहे, तेवढा पुरेसा ठरू शकतो. गाडी उभी, दारं उघडी, इंजिन बंद, अशा स्थितीत तिचं जेवण गाडीत द्या. ती निवांत खाऊ लागली की दारं लावून. मग इंजिन सुरू, पण गाडी जागेवर. नंतर दोन-तीन मिनिटांची फेरी, मग दहा, मग वीस; जेवण आता फेरीनंतर. एकेका पायरीला तीन-चार दिवस द्या. लाळ दिसली की एक पायरी मागे या. बहुतेक जण इथेच घाई करतात. फेरीचा शेवट दर वेळी दवाखान्यात होऊ नये, कधी मैदानात, कधी नुसता घरीच व्हावा.

तरीही उलटी होत असेल तर पशुवैद्यांना मॅरोपिटंटबद्दल विचारा. कुत्र्यांच्या गाडी लागण्यावर हे खास औषध आहे. मात्रा वजनावर ठरते आणि गोळी निघण्याच्या निदान दोन तास आधी, अगदी छोट्या घासासोबत द्यायची असते. निघता निघता दिलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. माणसांची गाडी लागण्याची गोळी तुकडा करून देऊ नका. चार किलोंच्या शरीराला अंदाजाचा तुकडा जड पडतो. कुठलंही नवं औषध आधी घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघा, म्हणजे परिणाम तुमच्या नजरेसमोर होईल.

प्रश्न : आमचा कुत्रा गाडीत फक्त मांडीवर शांत बसतो. तेवढं चालतं ना? कॅरिअर (कुत्रा नेण्याची पेटी किंवा पिशवी) घ्यायचाच झाला तर केवढा घ्यावा?

मांडी चालत नाही. जोरात ब्रेक लागला की हातांची पकड त्याला धरून ठेवू शकत नाही. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर तर अजिबात नको; माणसासाठी बनवलेली ती पिशवी उघडताना लहान कुत्र्याचा जीव घेऊ शकते.

लहान कॅरिअरची चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, खाली पाय ठेवायची मोकळी जागा. कॅरिअर तिथे ठेवा आणि पुढची सीट मागे सरकवून तो घट्ट बसवा. मागच्या सीटवर ठेवून वरून पट्टा गुंडाळायची पद्धत सर्रास दिसते, पण कॅरिअर बनवणाऱ्याने तशी सोय दिली असेल तरच तसं करा. नाहीतर धक्क्याच्या वेळी तोच पट्टा मऊ कॅरिअर चेपतो. कॅरिअर नको असेल तर रुंद छातीपट्ट्याचा हार्नेस आणि सीटबेल्टला अडकवायचा आखूड बंध. तो बंध गळपट्ट्याला कधीच अडकवू नये. लहान जातींत श्वासनलिका कमकुवत असणं मुळातच जास्त आढळतं. गळ्याला हिसका बसला की बदकासारखा कोरडा खोकला सुरू होतो. चालतानाही हार्नेसच बरा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकावीत, तिसरं नाही.

कॅरिअरचं माप कुत्रा उभा असताना घ्या: डोकं वर न टेकता उभं राहता यावं, जागच्या जागी वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. त्याहून फार मोठा घेतला तर वळणावर तो आत घसरत राहतो. प्रवासाआधी दोन-तीन आठवडे कॅरिअर घरात उघडा ठेवा, आत त्याचं नेहमीचं अंथरूण घाला, खाणं तिथेच द्या. निघायच्या दिवशी पहिल्यांदा आत कोंबलेला कुत्रा ओरडणारच.

वाटेत दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. दार उघडण्याआधी लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, हार्नेसला लागलेली आहे ना, हे हाताने चाचपून बघा. अनोळखी रस्त्यावर उघड्या दारातून उडी मारून पळणं हा कुत्रा हरवण्याचा नेहमीचा प्रकार आहे. बिल्ल्यावर सुट्टीत चालू असणारा मोबाइल नंबर हवा, आणि मायक्रोचिपच्या, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपच्या, नोंदीतला नंबरही तोच हवा. जुन्या नंबराची चिप काही कामाची नाही.

प्रश्न : विमानाने परदेशी जायचं आहे. कुत्रा केबिनमध्ये नेता येतो का? कागदपत्रांची सुरुवात कधी करावी?

बऱ्याच विमान कंपन्या लहान कुत्रा केबिनमध्ये नेऊ देतात. वजनमर्यादा पुष्कळदा कॅरिअर धरून सात ते दहा किलोंच्या दरम्यान असते आणि कॅरिअर समोरच्या सीटखाली मावावा लागतो. एका विमानात ठराविक संख्येनेच प्राणी घेतात, म्हणून आधी कुत्र्याची जागा पक्की करा, मग स्वतःची तिकिटं काढा. मऊ बाजूंचा कॅरिअर सीटखाली थोडा दबतो, म्हणून सोयीचा. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सामानकक्षातून पाठवू नका. त्यांना उष्णता श्वासातून बाहेर टाकायला अडचण येते, आणि अनेक कंपन्या त्यांना तिथे घेतच नाहीत. झोपेचं औषध देऊन विमानात बसवणंही टाळा. रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि काही औषधांनी कुत्रा नुसता गप्प पडतो, आतली भीती तशीच राहते.

कागदपत्रांत क्रमाला महत्त्व आहे. युरोपीय संघाचं उदाहरण घ्या. आधी पंधरा अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. लशीच्या वेळी पिल्लू निदान 12 आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लशीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशांतून येताना रक्तातली प्रतिपिंडंही तपासतात: लशीनंतर किमान 30 दिवसांनी नमुना, निकाल 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा वर, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं. म्हणजे सुरुवात पाच-सहा महिने आधी. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, फिनलंड आणि माल्टा इथे पोहोचण्याच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध डॉक्टरांकडून देऊन नोंदवून घ्यावं लागतं. ही चार दिवसांची खिडकी हुकली की प्रवेश अडतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, आणि परतीचे नियम पुन्हा वेगळे. दोन्ही तपासा.

प्रश्न : हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर काय बघावं? त्याला खोलीत ठेवून आम्ही जेवायला गेलो तर?

त्याला कॅरिअरमध्येच ठेवा आणि आधी तुम्ही गुडघ्यांवर बसून खोली बघा. पलंगाखाली, कपाटामागे पडलेली गोळी, उंदराच्या विषाची वडी, आधीच्या पाहुण्यांचं चॉकलेट. उंदराच्या विषाचे बरेच प्रकार रक्त गोठू देत नाहीत आणि त्यांची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात. म्हणून खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वेष्टन घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका. गडद चॉकलेट दहा-पंधरा ग्रॅमही चार किलोंच्या कुत्र्याला त्रास द्यायला पुरतं. द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम यांचं तर सुरक्षित प्रमाण सांगताच येत नाही. हे सगळं बहुधा आपल्याच पर्समध्ये असतं आणि पर्स जमिनीवर.

मग गॅलरी. कठड्याच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरची फट असली तरी तीन किलोंचा कुत्रा निसटू शकतो. दार बंदच ठेवा. पलंग उंच असेल तर त्याला वर झोपवू नका, किंवा शेजारी बॅग ठेवून पायरी करा. नाजूक हाडांच्या जातींत उडी मारून पुढचा पाय मोडणं नवीन नाही.

एकटं ठेवण्याबद्दल: पहिल्या संध्याकाळी नको. खोलीचा वास, जिन्यातले आवाज सगळंच अनोळखी. दुसऱ्या दिवशी फिरवून, खायला घालून, पाच मिनिटं बाहेर जा आणि खोलीत फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तो गप्प राहिला तर पंधरा, मग तीस मिनिटं. घरीच एकटा राहत नसेल तर हॉटेलात राहील ही अपेक्षा ठेवू नका. बुकिंग करताना ‘कुत्रा चालतो का’ एवढंच विचारून थांबू नका. वजनाची अट, खोलीत एकटा ठेवायला परवानगी, आणि शू-शीसाठी जवळ मोकळी जागा, हेही विचारा.

प्रश्न : समुद्रकिनारी जाणार आहोत. उन्हाची काळजी कशी घ्यावी?

वाळू किंवा रस्ता तापलाय का, हे हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. लहान कुत्र्याचं पोट जमिनीच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे खालून येणारी धगही त्यालाच जास्त लागते. सकाळ-संध्याकाळ किनारा, दुपारी खोली.

बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. बाहेर 21 अंश असताना गाडीच्या आत दहा मिनिटांत 32 आणि अर्ध्या तासात 40 अंश होतात. काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

पाणी दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर धरा, उन्हात आणखी. किनाऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो. थोडं प्यायलं तर जुलाब, फार प्यायलं तर झटके. वाळूत चेंडूही नको, चेंडूबरोबर वाळू पोटात जाते आणि आतडी तुंबू शकतात.

तोंड पूर्ण वासून जोरजोरात धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं दिसलं तर तो उष्माघात समजा. आधी थंड करा, मग न्या: सावलीत नेऊन अंगावर साधं गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता अडवतो. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातलं तापमान 39.5 अंशांवर आलं की पाणी थांबवा. तो उठून चालू लागला तरी डॉक्टरांकडे न्याच, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड नंतर दिसतात.

प्रश्न : आमचा कुत्रा बारा वर्षांचा आहे, हृदयाच्या झडपेचा त्रास आहे. न्यावं की घरी ठेवावं?

आजार गोळ्यांवर स्थिर असेल, प्रवास छोटा असेल आणि तिथे थंडावा व जवळ दवाखाना असेल, तर नेता येतं. एरवी आमचा कौल घरी ठेवण्याकडे आहे, तेही परक्या बोर्डिंगपेक्षा ओळखीच्या माणसाने घरी येऊन राहणं जास्त चांगलं. ठरवण्याआधी आठवडाभर रोज तो गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून लिहा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर सुट्टी बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. नेलंत तर मोजणं तिथेही चालू ठेवा, औषध चार दिवसांचं जास्त घ्या आणि दोन बॅगांत विभागून ठेवा.

प्रश्न : रानातून फिरून आल्यावर गोचीड दिसली तर?

बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, स्पिरिट, पेटती काडी यांतलं काही नको. डिवचलेली गोचीड जास्त लाळ आत सोडते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली रोज बघा. जाण्याआधी गोचिडांचं औषध वजनाच्या गटाप्रमाणेच घ्या, मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब टाळा, मांजरांना ते विषारी आहे. परतल्यावर तीन आठवडे ताप, मरगळ, फिक्या हिरड्या, गडद लघवी यांकडे लक्ष ठेवा, आणि डॉक्टरांकडे गेलात तर कुठे फिरलात आणि गोचीड कोणत्या तारखेला काढली हे आधी सांगा.