"साकळलेलं रक्त काढायला हवं होतं का?"

कागलकडच्या एका गावातल्या मावशी. वय पन्नाशीच्या पुढं. गोठ्यात पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. तुकडे जागेवरच होते, म्हणून ऑपरेशन न करता प्लास्टर घातलं. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत फट अजून दिसत होती. त्यात शेजारणीनं सांगितलं, "आत साकळलेलं रक्त तसंच ऱ्हायलंय. ते काढल्याबिगर हाड धरत न्हाई." मुलगा प्लास्टर कापून घ्यायच्या तयारीनंच कोल्हापूरला आला. डॉक्टरांनी दोघांना समजावून सांगायला माझ्याकडं पाठवलं.

"ताई, माझं रक्तच नासकं हाय का?" मावशींनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

ही भीती मी वारंवार ऐकते, आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ज्याला दोष दिला जातो तेच रक्त कामाला लागलेलं असतं. मी म्हटलं, "मावशी, घर बांधताना गवंडी आधी काय उभं करतो?"

"परांची."

"साकळलेलं रक्त ही तुमच्या हाडाची परांची."

मोडलेल्या जागी रक्त गोठतं, तेव्हा त्यात फायब्रिन या प्रथिनाची बारीक जाळी विणली जाते. तिथल्या प्लेटलेट वाढीला चालना देणारे पदार्थ सोडतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींना जणू सांगावा धाडतात. पहिल्या दिवसांतली सूजही याच कामाचा भाग असते. पुढं त्या जागी मऊ कूर्चा भरते. ती एक्स-रेत नीट दिसत नाही, म्हणून फट रिकामी वाटते. त्यात कॅल्शियम बसत गेलं की हाड धरतं. नडगीला तीन-चार महिने सहज लागतात.

मुलानं रिपोर्ट पुढं केला. "कॅल्शियम तर नॉर्मल हाय." रक्तातलं कॅल्शियम शरीर दर १०० मिलिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास धरूनच ठेवतं. कमी पडलं तर गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचं संप्रेरक ते हाडांतून ओढून आणतं. म्हणून तेवढ्या एका आकड्यावर विसंबू नये. डॉक्टरांनी साखर आणि 'ड' जीवनसत्त्व तपासलं. साखर ठीक निघाली, 'ड' मात्र दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे कमी. ते कमी असलं की खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट रक्तात उतरत नाही. औषध सुरू झालं.

बोलता बोलता मावशींचा हात सारखा कनवटीला जात होता. मशेरीची डबी. "दिसातनं चार येळा लावतो," त्या हळूच म्हणाल्या. मी रागावले नाही. मशेरीच्या तंबाखूतलं निकोटिन रक्तात उतरतं, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मोडलेल्या जागी रक्त कमी पोचतं, एवढंच सांगितलं. मुलाला बजावलं: ताप आला, दुखणं वाढलं, बोटं काळीनिळी किंवा बधिर पडली, प्लास्टरमधून घाण वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं यायचं. एरवी प्लास्टरला हात लावायचा नाही.

चौथ्या महिन्यात मावशी काठी टेकत आल्या. मशेरी सकाळच्या एका वेळेवर आली होती. माझा हात धरून त्यांनी नडगीवर ठेवला. कातडीखाली टणक उंचवटा लागला.

"ही गाठ रक्ताची न्हाई न्हवं?"

"नाही मावशी, हे नवं हाड. डॉक्टरांनी एक्स-रेत पाहिलंय. आता शरीर ते हळूहळू घासून सारखं करील, त्याला काही महिने, कधी वर्षंही लागतात."

"मग लागू देत," म्हणत त्यांनी पुन्हा एकदा नडगी चाचपली.