आधी दंडाची आतली बाजू बघा

चाळिशीनंतर त्वचेतली नैसर्गिक अँटिऑक्सिडंट्स कमी पडतात असं वाचलं, तर गोळ्या सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. गोळ्यांकडे येतोच. आधी बाही वर सरकवा, दंडाची आतली बाजू बघा आणि मग पंजाची मागची बाजू बघा. वय दोन्हींचं एकच, पण एक मऊ आणि एकसारख्या रंगाची, दुसरीवर डाग आणि बारीक रेघा. हा बराचसा उन्हाचा प्रताप. चेहऱ्यावर 'वय दिसायला लागलं' म्हणतो, त्यातही मोठा वाटा त्याचाच असतो.

अतिनील किरणांमुळे त्वचेत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. या किरणांचे दोन प्रकार: यूव्हीबी बहुतेक वरच्या थरातच अडतात, यूव्हीए मात्र खाली कोलॅजनपर्यंत, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचतात. थोडी फ्री रॅडिकल्स पेशींच्या रोजच्या कामातूनही बनतातच, त्यांना आवरायला त्वचेची स्वतःची अँटिऑक्सिडंट्सची फौज असते: कॅटलेजसारखी एन्झाइम्स, ग्लुटाथायोन, क आणि ई जीवनसत्त्व. गंमत म्हणजे यातलं कुणी एकटं लढत नाही. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडेशन ई थोपवतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. क त्याला पुन्हा कामावर आणतं, आणि क ला ग्लुटाथायोन. चेहऱ्यावर हे ई पोचवतं कोण? त्वचेतून सुटणारं तेच तेल, ज्याच्या नावाने आपण खडे फोडतो. दिवसातून चारदा फेसवॉशने तोंड खसखसून धुणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

जमेपेक्षा खर्च वाढला की झाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मग एमएमपी गटातली एन्झाइम्स वाढतात, ती कोलॅजन तोडतात, आणि नवं कोलॅजन बनणंही त्याच वेळी मंदावतं. दुरुस्ती होते, पण रफू केलेल्या कापडासारखी. उन्हाळ्यामागून उन्हाळे अशी रफू साठत गेली की सुरकुती दिसते. वयाबरोबर फौज थोडी थकते हे खरं, पण मी आधी खर्चाकडे बघेन.

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरचा अभ्यास मला म्हणूनच आवडतो. 2013 साली प्रसिद्ध झाला. 55 वर्षांखालचे 903 जण, साडेचार वर्षं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं म्हातारपण 24 टक्के कमी वाढलं. त्याच अभ्यासात काहींना रोज 30 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) दिलं होतं, त्याचा एकूण असा काही परिणाम दिसला नाही. गोळ्यांबद्दल माझं मत तिथेच बनलं. आणि सिगारेट ओढत असाल तर बीटा-कॅरोटीनच्या वाटेला जाऊच नका: फिनलंडमधल्या सुमारे 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत (1994) ते घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त झाला.

वरून लावायचं क जीवनसत्त्व ही वेगळी गोष्ट, त्यात दम आहे. एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड, म्हणजे क जीवनसत्त्वच, त्वचेत शिरायला सीरमचा पीएच साधारण 3.5 च्या खाली, म्हणजे बराच आम्लधर्मी लागतो, त्यामुळे थोडं चुरचुरतं. सोबत ई आणि फेरुलिक अॅसिड (हेही अँटिऑक्सिडंटच) असेल तर उत्तम. सकाळी लावा, वरून सनस्क्रीन, सनस्क्रीनऐवजी नाही. बाटली गडद रंगाची, झाकण घट्ट, उजेडापासून लांब. मी पहिली बाटली बाथरूमच्या खिडकीत ठेवली होती. काही आठवड्यांत चहासारखी तपकिरी झाली, आणि पैसे गेले म्हणून तशीच महिनाभर लावत राहिलो. तुमची तशी झाली तर सरळ फेकून द्या.