वाचकांचे प्रश्न : कोठडीचा खर्च कसा मोजावा?

प्रश्न : पोलीस कोठडीतील एका व्यक्तीवर दिवसाला होणारा खर्च जेवणाच्या बिलावरून काढता येईल का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : नाही. जेवण हा या खर्चातला लहान वाटा आहे. मोठा वाटा मनुष्यबळाचा. कोठडीच्या दाराशी एक पहारेकरी अहोरात्र ठेवायचा, तर वर्षाचे ८,७६० तास भरावे लागतात. आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरल्या की या एकाच जागेसाठी चार शिपाई लागतात, मग आत एक जण असो वा दहा. त्यामुळे माणसे कमी असली की दरडोई आकडा फुगतो, आणि तेवढ्यावरून पहारा कमी करणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. अटकेतील व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. तेव्हा गाडी, इंधन आणि रुग्णालयाच्या बाकावर केस पेपर हातात धरून बसलेल्या शिपायांचे तासही हिशेबात घ्यावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंधनकारक केलेल्या सीसीटीव्हीच्या चित्रणाची साठवण मात्र संपूर्ण पोलीस ठाण्याच्या खर्चात दाखवून त्यातला कोठडीपुरता हिस्सा वेगळा काढावा.