बर्फाखालचा कात्ला फुटणार हे आधी कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की आइसलँडच्या ट्रिपमध्ये वीक गावात मुक्काम आहे, 'कात्ला ज्वालामुखीची वेळ भरलीय' असं जो तो सांगतोय, आणि शेकडो मीटर बर्फाखाली काय चाललंय हे दिसणार तरी कुणाला. मी भूभौतिकी शिकलोय, रेकयाविकला राहतो, कात्लाचे आलेख बघायची खोडच लागलीय, म्हणून लिहितो.

वेळ भरल्याचं आधी सोडून द्या. शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ चा, त्याआधीचे बरेचसे ४० ते ८० वर्षांच्या अंतराने, म्हणून लोक हिशेब मांडतात. वेळापत्रक एसटीसुद्धा पाळत नाही, ज्वालामुखी कशाला पाळेल?

लक्ष ठेवायचं काम इथल्या हवामान खात्याकडे आहे. भूकंपमापक आणि जीपीएस आहेतच, पण बर्फ दोघांनाही चकवतो. हिमनदी स्वतःच तडकते, त्याचे धक्के नोंदले जातात. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने जमीन दबते, उन्हाळ्यात ओझं उतरलं की वर येते. हे वजा केल्याशिवाय खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमीन उचलतोय की नुसतं ओझं उतरलंय, हे सांगता येत नाही. धक्के एकामागून एक येता येता सलग थरथर सुरू झाली, तर मात्र ड्युटीवरचा माणूस फोन उचलतो.

माझ्या मते सगळ्यात बोलकं असतं ते नदीचं पाणी. बर्फ वितळून आलेलं पाणी जवळपास शुद्ध, त्यातून वीज फारशी वाहत नाही. ज्वालामुखीच्या उष्णतेने तळाशी साठलेल्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात. ते मूलाक्वीस्ल नदीत उतरलं की तिथल्या मापकावर विद्युतवाहकता चढते, पाणी काळपट होतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हिमनदीच्या पृष्ठभागावर जिथे खालून बर्फ वितळतो तिथे मोठाले खळगे पडतात. त्यांची खोली विमानातून रडारने मोजतात. खळगा उथळ होत चालला, तर खाली पाणी साठतंय असा संशय घ्यायचा.

जुलै २०११ मध्ये याच नदीला असा पूर आला आणि रिंग रोडवरचा, म्हणजे देशाला वळसा घालणाऱ्या मुख्य रस्त्यावरचा, पूल वाहून गेला. ज्वालामुखी बर्फ फोडून वर आलाच नव्हता. जुलै २०२४ मध्ये स्काल्म नदीच्या पुराने पुन्हा रस्ता बंद पडला. प्रवाशाला उद्रेकाआधी या पुरांचीच धास्ती हवी.

मोठ्या उद्रेकाची पूर्वसूचना कदाचित तासाभराचीही नसेल, हे लपवण्यात अर्थ नाही. १९१८ मध्ये दुपारी भूकंप जाणवले आणि त्याच दुपारी पुराचा लोंढा मिर्दाल्ससांदूर हे वाळूचं मैदान ओलांडून समुद्राकडे निघाला. सोबतच्या गाळाने किनारा समुद्रात पुढे सरकला. म्हणून वीकमध्ये टेकडीवरचं चर्च हे जमायचं ठिकाण ठरलेलं आहे.

तुम्ही एवढंच करा: मोबाइल चालू ठेवा, कारण धोक्याचा एसएमएस त्या भागातल्या टॉवरवरून परदेशी नंबरांनाही जातो. रोज सकाळी रस्ते खात्याचा नकाशा बघा. नदीकाठी गंधकाचा उग्र वास आला तर फोटोसाठी खाली उतरू नका, तो वायू खोलगट जागी साचतो. बुकिंग रद्द करायची गरज नाही.